वन्सांचा लोटा

या पानावर लोक जे लिहितात ते मी वाचते आणि बहुतेक वेळा चिडते. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाला हायवेवर म्हातारा लिफ्ट मागतो आणि मागे वळून पाहिलं तर गायब... या लोकांना घरी कामं नसावीत असं मला वाटतं. मी चौथी शिकलेली, पंचाहत्तरी ओलांडलेली बाई आहे. भूत कधी पाहिलं नाही, पाहायची हौसही नाही. तेव्हा हे मी मनाविरुद्ध लिहिते आहे. राग आला म्हणून लिहिते आहे.

आम्ही जबलपुरात राइट टाउनमध्ये राहतो, दुसऱ्या मजल्यावर, दोघंच. मुलगा मिलिंद पुण्यात. आमचे हे फॅक्टरीतून रिटायर झाले, तिथल्या आवाजानं कान गेले. कानात मशीन असलं तर ऐकू येतं. काढलं की शेजारी सुतळी बॉम्ब फोडा — पापणी हलत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

काही वर्षांपूर्वी यांच्या पोटातली रक्ताची मोठी नळी फुग्यासारखी फुगलेली निघाली. जन्मभर सिगरेटी ओढल्या, दुसरं काय होणार. नागपूरला नेलं. पोट न फाडता, मांडीतून तार घालून, त्या फुग्याच्या आत एक कापडाची नळी बसवली. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं — पायजम्यासारखी, वर कंबर आणि खाली दोन पाय. रक्त आता या पायजम्यातून जाणार, बाहेरच्या फुग्यावर जोर येणार नाही. चार दिवसांत हे चालत घरी आले. कागदावर पुढच्या दोन वर्षांच्या तारखा होत्या, तेव्हा मिलिंदनं तपासायला नेलं. 'छान आहे' असं डॉक्टर म्हणाले. छान म्हणजे संपलं, असंच आम्ही समजलो. मग कोणी गेलं नाही, कोणी बोलावलंही नाही.

आता वन्सांबद्दल. वन्सं म्हणजे यांची मोठी बहीण. इथेच गावात दीक्षितपुऱ्यात राहायच्या आणि नाभी बसवायच्या. इकडे पोट बिघडलं की लोक म्हणतात, नाभी सरकली. मग माणसाला उताणं झोपवायचं, बेंबीवर कणकेचा छोटा दिवा ठेवून पेटवायचा आणि वर लोटा पालथा घालायचा. दिवा विझतो, लोटा कातडी ओढून घट्ट चिकटतो. थोड्या वेळानं काढला की नाभी जागेवर आली म्हणायचं. मला हे कधी पटलं नाही. मिलिंद लहान असताना त्याच्या पोटावरचा वन्सांनी लावलेला लोटा ओढून काढला आणि मी त्याला दवाखान्यात नेलं. अपेंडिक्स निघालं.

त्या दिवसापासून वन्सं माझ्याशी बोलल्या नाहीत. म्हणजे बोलायच्या, पण भावाच्या मार्फत. मी समोर बसलेली असायची आणि त्या यांना म्हणायच्या, "हिला सांग, पोह्यात मीठ नाही." एकदा माझा पदर शेगडीला लागला, तेव्हासुद्धा यांनाच म्हणाल्या, "हिला सांग, पदर जळून राहिला." मरेपर्यंत हेच. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून त्या गेल्यावर त्यांची भांडी आमच्याकडे आली. तो लोटाही आला.

मागच्या वर्षी संक्रांत झाली आणि यांची कंबर दुखू लागली. मग पोटातही काहीतरी ओढल्यासारखं.

"नाभी सरकली," हे म्हणाले. "ताईसारखा लोटा लाव."

"मी काहून लावू? दवाखान्यात चला."

"तिकडे गेलं की नुसते सुया टोचून राहतात. इतकी वर्षं ठणठणीत आहे न मी?"

"ठणठणीत माणूस भिंत धरून चालते का?"

आठवडाभर ही कटकट. शेवटी मी कंटाळले. म्हटलं, लावते एकदा, गुण येणार नाहीच, मग तरी निघतील.

दुपारची जेवणं झाली होती. गॅलरीतून ऊन थेट हॉलमध्ये आलं होतं. हे सतरंजीवर उताणे झोपले. आडवं झालं की कानातलं मशीन शिट्टी मारतं, म्हणून काढून डबीत ठेवलं. मी दिवा ठेवला, पेटवला, लोटा घातला. दिवा विझला, कातडी ओढली गेली... आणि टप् करून लोटा सुटला. काठ पुसला, परत लावला. परत सुटला. आता मी हट्टी बाई आहे. तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी दाबून धरला. तो वर आला. माझ्या हातांखालून. समोर बसलेल्या माणसानं आपलं भांडं आपल्याकडे ओढून घ्यावं, तसा. आणि सतरंजीच्या पलीकडे फरशीवर उभा राहिला — तोंड वर करून. पालथा लोटा पडला तर आडवा पडेल, गडगडेल. हा कोणी नीट ठेवावा तसा सुलटा उभा होता.

मी एक शब्द ऐकला नाही. माझे कान अजून चांगले आहेत, खालच्या मजल्यावरच्या कुकरच्या शिट्ट्या मोजते मी. पण यांनी डोळे उघडले आणि वैतागून म्हणाले, "ऐकून राहिली न, ताई काय म्हणते ते?"

"कोण ताई?" मी ओरडले. यांना काय कळणार.

"म्हणते, हिला सांग, लोटा खाली ठेव. पोटाला हात लावू नको. उजव्या अंगानं आतून गळून राहिलं."

हे सांगताना यांचा सूर अगदी जुना होता. दोन बायकांच्या मध्ये निरोप पोचवून थकलेल्या माणसाचा.

माझं डोकं फिरलं. खरं सांगते, भीती वाटली नाही, राग आला. जिवंत होती तोवर नाक खुपसलं आणि आता मेल्यावरही! मी मशीन यांच्या कानात कोंबलं आणि म्हटलं, "उठा. आत्ताच्या आत्ता पोटाचा फोटो काढू. तुमच्या ताईंचं एकदाचं तोंड बंद होऊ द्या."

"चल," हे म्हणाले. माझ्या सांगण्यावरून जो माणूस जिना उतरत नव्हता, तो बहिणीनं सांगितलं म्हणून चप्पल घालून दारात उभा!

ऑटोनं गेलो. औषध टोचून मशीनमध्ये घातलं. फोटो काढणारा आत गेला आणि डॉक्टरला घेऊन आला, तेव्हाच मी समजले.

"अम्मा जी, बैठिए," डॉक्टर म्हणाला. "ये जो पाइप डला है न, इसका दाहिना पैर ऊपर खिसक गया है। खून बाहर निकल के पुराने गुब्बारे में जा रहा है। गुब्बारा बढ़ गया है। आज ही नागपुर निकलिए।" मग यांचं पोट पाहून म्हणाला, "और ये गोल निशान काहे का है?"

"लोटा," हे म्हणाले.

"लोटा? अरे बाबू जी, हद करते हो आप!"

उजवा पाय. वन्सांनी उजवंच अंग सांगितलं होतं.

रात्रभर अँब्युलन्समधून गेलो, सकाळी नागपूरच्या डॉक्टरांनी आत नेलं आणि त्या पायाला नवा तुकडा जोडला. आणखी थांबला असता तर फुटलं असतं, मग हातात काही राहत नाही, असं म्हणाले. लोट्यानं नळी सरकत नाही, पण अशा पोटाशी खेळ करायचा नसतो, हेही म्हणाले. मग मला रागावले.

"आजी, दरवर्षी यायचं सांगितलं होतं ना? ही नळी बसवली म्हणजे संपलं नाही, जन्मभर बघावं लागतं."

"कोणाला सांगितलं होतं?"

"बाबांना. डिस्चार्जच्या वेळी. त्यांनी मान हलवली की."

"मान ते पंख्याकडे बघूनही हलवतात. मशीन माझ्या पर्समध्ये होतं आणि मी खाली औषधांच्या रांगेत होते. एवढी मोठी गोष्ट बहिऱ्या माणसाला सांगून मोकळे झालात? मग पुढे एक फोन नाही?"

चांगला माणूस आहे, नंतर माफी मागितली. पण माझा राग गेला नाही. समोर उभ्या असलेल्या जिवंत डॉक्टरचं यांना ऐकू आलं नाही, आणि गेलेल्या बहिणीचं आलं... हा काय कारभार आहे?

मिलिंदनं फोनवर सगळं समजावलं. लोट्याच्या काठाला पोचा असेल. बाबांना स्वप्न पडलं असेल. उजवं-डावं काय, दोनातून एक बरोबर येतंच. मी घरी आल्यावर तोच लोटा माझ्या स्वतःच्या पोटावर लावून पाहिला. असा चिकटला की नख घालून सोडवावा लागला, आठवडाभर वळ होता. ते मिलिंदला सांगितलं तर म्हणाला, "आई, तू हे काय करतेस?" काठाला पोचा असता तर माझ्या पोटाला असा चिकटला असता का? हे त्यालाही ठाऊक नाही, तो फक्त शिकलेला आहे म्हणून गप्प बसत नाही.

मी अजूनही भूतबित मानत नाही. आणि वन्सांचे आभार तर मुळीच मानणार नव्हते. हात माझे होते त्या लोट्यावर, त्यांनी सरळ मला सांगायचं. भांडले असते, पण ऐकलं असतं.

या वर्षी तारीख मी लक्षात ठेवली, मीच नेलं, डॉक्टरांशी मीच बोलले. फोटो चांगला आला. घरी येऊन स्वयंपाकघरात गेले, फळीवरच्या लोट्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "वन्सं, सगळं जागेवर आहे. गळत नाही." एवढंच.

काही ऐकू आलं नाही. बाहेर आले तर हे खुर्चीत बसलेले, मशीन डबीत, आणि मान हलवत होते. वन्सं काय म्हणाल्या, असं मी विचारणार होते. नाही विचारलं.