मामाजींच्या तीन गोळ्या

महाराष्ट्र नवा नवाच झाला होता तेव्हाची गोष्ट. रोहिणखेडकडे आमचं शेत. ज्वारी भरली की रानडुकरं हजर. त्यांच्यासाठी माझ्या सासऱ्यांकडे, म्हणजे मामाजींकडे, परवान्याची रायफल होती, वर दुर्बीण बसवलेली. त्यांचा नेम कधी चुकला नाही. त्या वर्षी दसऱ्यानंतर मात्र लागोपाठ दोन डुकरं गोळी चुकवून निघून गेली.

माझा नवरा लगेच म्हणाला, "बाबा, डोये थकले आता तुमचे. बंदूक ठाण्यात जमा करून टाकू." असा राग आला मला! पोटच्या पोरानं असं बोलावं? मामाजींच्या वडलांचे डोळे म्हातारपणी पार गेले होते, हात धरून ताटावर बसवावं लागे. तेच आपल्याही नशिबी आलं, असं त्यांनी मनाशी धरलं. अन्नावरची वासनाच उडाली. पाहवत नव्हतं हो.

शेवटी मीच तोंड उघडलं. त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं, तीन गोळ्या एका जागी पडल्या तर माणूस बरोबर, दुर्बीण चुकली. विखुरल्या तर माणूसच चुकला. म्हटलं, "मामाजी, तीन गोळ्या मारून पाहा ना."

"अन् विखुरल्या तं?"

"तं मंग रडू. आतापासून काऊन रडून राह्यले?"

हसले नाहीत, पण उठले.

नाल्यापलीकडच्या बांधाला मी घासलेटच्या डब्याचा पत्रा टेकवला, मधोमध चुन्याचा ठिपका दिला. रेतीच्या पोत्यावर रायफल ठेवून ते पालथे पडले. दुर्बिणीतली फुली ठिपक्यावर धरून, श्वास रोखून, एकेक गोळी मारली. मग तिथंच पडून राहिले. म्हणाले, "तूच पाहून ये. माही हिंमत नाही होत."

मी पळतच गेले. ठिपका कोरा! पण डावीकडे, खाली, तीन भोकं, माझ्या तळहाताखाली झाकतील इतकी जवळ. पत्रा उचलून ओरडतच आले, "मामाजी, माणूस बरोबर हाये!"

त्यांनी भोकांवरून बोटं फिरवली आणि लहान लेकरासारखे रडले. मीही रडले.

मग शोध, दुर्बीण हलवली कोणी? तिच्यावर दोन पितळी चकत्या होत्या. वरची फिरवली की गोळी वरखाली सरके, बाजूची फिरवली की डावीउजवीकडे. सासूबाई चुलीपासूनच बोलल्या, "दसऱ्याच्या पूजेले मीच घासल्या बाई, चिंच लावून. फिरत होत्या, म्हणून चहूकडून घासल्या. कशा चमकल्या पाहा!"

मी कपाळाला हात लावला. मामाजी मात्र किती दिवसांनी खो खो हसले. पुन्हा पोत्यावर पडले, चकत्या थोड्या थोड्या फिरवत, गोळी मारून पाहत, शेवटी चुन्याचा ठिपकाच उडवला. त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

संध्याकाळी नवरा घरी आला. मामाजींनी तो पत्रा त्याच्या हातात दिला.

"घे. ठाण्यात हा जमा कर."