शॉकरवर कोरलेलं नाव

चहा गरम आहे तोवर सांगून टाकतो. थंड झाल्यावर हा किस्सा माझ्याच्यानं सांगवत नाही. मूर्खपणा माझाच आहे, दुसऱ्या कुणाचा हात नाही. आणि तसं लेखी आहे.

आमच्याकडे एक जुनी गाडी आहे. मी नोकरीत होतो तेव्हाची. आम्ही दोघं बरोबरच निवृत्त झालो म्हणा ना, फक्त पेन्शन एकट्याला मिळते. इंजिन ठणठणीत, पण गेल्या वर्षापासून खड्ड्यात गेली की पुढून असा काही आवाज यायचा, की समोरून येणारा माणूस आधी गाडीकडे आणि मग माझ्या तोंडाकडे बघायचा.

मी सवय करून घेतली होती. पण माझी थोरली बहीण, ताई, किरनापुरला राहते. पंचाहत्तरीला आली. पाठीचा मणका दुखावलेला, डॉक्टरांनी बजावलेलं की धक्का बसू द्यायचा नाही. तिला रामपायलीच्या रामाचं दर्शन हवं होतं. तीन वर्षं झाली, जाणं नाही. बसमध्ये बसवत नाही आणि माझ्या गाडीत एकदा बसली, ती बाजारापर्यंत जाऊन उतरली. म्हणाली, "बापू, याच्यापक्षा बैलबंडी बरी. तिचा बैल तरी खड्डा पाहून चालते."

मला लागलं ते. मी शब्द देऊन बसलो, "ताई, गाडी नीट करतो अन् तुला रामपायलीला नेतो. पोटातलं पाणी हलणार नाही."

आमचा मिस्त्री देवराम. मी हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे तो मला अजून बडे बाबू म्हणतो. त्यानं गाडीचं नाक दोन्ही हातांनी खाली दाबलं आणि सोडलं. गाडी बराच वेळ मान डोलवत राहिली. कीर्तनाला बसल्यासारखी.

"समोरचे दोनी शॉकर गेले, बडे बाबू."

शॉकर म्हणजे चाकामागचे, खड्ड्यातला धक्का झेलणारे नळे. मी वाकून पाहिलं. गळालेलं तेल एकाच बाजूला दिसत होतं. आता तुम्हीच सांगा, जो माणूस चाळीस वर्षं एक पंखा बिघडला तर दोन पंख्यांची मागणी फेटाळत आला, तो हे कसं ऐकून घेईल? मी म्हटलं, खराब एक आहे, मग दोन कशाला?

देवरामनं हातातला पाना खाली ठेवला. "एका पायात नवी चप्पल, एका पायात जुनी घालून किरनापुरपर्यंत चालून पाहा. मंग मले सांगा."

मुद्दा मान्य झाला. पण निवड माझी, खरेदी माझी, हे मी ठरवलं. देवराम म्हणत होता मी आणतो. मी नको म्हटलं. मग मी घरी एक कागद आखला. उभ्या रकान्यांत कंपनीचा शॉकर, बाहेरच्या बनावटीचा शॉकर आणि भंगारातला शॉकर; आडव्या रकान्यांत मजबुती, हमी, मिळण्याचं ठिकाण आणि शेरा. गॅसवाला घ्यावा की तेलवाला, यावर तीन दिवस गेले. बायकोनं एकदाच विचारलं, की गॅसवाला घेतला तर त्याचंही बुकिंग करावं लागतं का. तो प्रश्न मी शेऱ्यात घेतला नाही.

शेवटी गोंदियाला जाऊन कंपनीचे दोन गॅसवाले आणले. वर्षाची हमी. दुकानदारानं रबरी आवरणंसुद्धा वर चढवून दिली, म्हणाला आता फक्त स्प्रिंग घालून बसवायचं. काय ते शॉकर! खाली काळा कुळकुळीत नळा, आणि रबर वर सारलं की आत चांदीसारखी चकचकीत दांडी. मी ते दिवाणखान्यात दोन दिवस नुसते ठेवून घेतले.

आणि तिथंच माझ्या डोक्यात किडा शिरला.

नव्या वस्तूचं काय होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. आमच्या ऑफिसात एकदा नवा पंखा आला होता. महिन्याभरानं पाहिलं तर तो तिथंच होता, फक्त जुना झाला होता, तीन ठिकाणी पोचे आले होते आणि करकर वाजत होता. देवराम माणूस चांगला. पण चांगल्या माणसांबरोबरच मी चाळीस वर्षं काम केलेलं आहे. त्यानं माझे शॉकर दुसऱ्याच्या गाडीत टाकले आणि दुसऱ्याचे धुऊनपुसून माझ्या गाडीत बसवले, तर मला काय कळणार? चाकामागं वाकून बघायचं माझं वय आहे का?

नेमकं त्याच संध्याकाळी शेजारणीनं एक वाटी परत आणून दिली. आमच्या घरात बिननावाचं भांडं नाही. बायकोनं प्रत्येक ताटवाटीवर नाव घालून घेतलंय. म्हणून ती वाटी दीड वर्षानं का होईना, कुणाकुणाच्या घरची भाजी खाऊन आपल्या घरी आली होती. मी वाटीवरचं नाव वाचलं. मग शॉकरकडे पाहिलं.

पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही, हाच तर किस्सा आहे.

दुसऱ्या दिवशी मी शॉकर पिशवीत घालून भांड्यांच्या बाजारात गेलो. तिथं एक म्हातारे गृहस्थ नाव घालायचं मशीन घेऊन बसतात. मी शॉकर त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो दोनदा फिरवून पाहिला आणि विचारलं, "लग्नात द्याचं आहे का?"

मी म्हटलं, घरचंच आहे.

काळ्या नळ्यावर नको, असं मीच सांगितलं. रंग उडेल, जंग चढेल. शिवाय देवरामला दिसेल. खूण कशी गुप्त पाहिजे! मी रबर वर सारलं आणि चकचकीत दांडी दाखवली. त्यांनी मशीन टेकवलं, ते घसरलं. म्हणाले, लई कडक धातू आहे, स्टीलच्या ताटापक्षा कडक. मी म्हटलं, जोर लावून खोल घाला. त्यांनी एकेका अक्षरावरून तीन तीनदा मशीन फिरवलं. बा. ना. डोंगरे, बालाघाट.

दुसऱ्या शॉकरच्या वेळी मी समोर पान खायला गेलो. परत येतो तर त्यावर 'सप्रेम भेट' घालून झालेलं. चाळीस वर्षांची सवय फक्त मलाच असते असं नाही. मी त्याखाली नाव घालून घेतलं, दोन्ही रबरं खाली ओढली आणि सरळ देवरामकडे गेलो.

त्यानं शॉकर बसवले. खरं सांगतो, गाडी पाण्यावरून चालल्यासारखी चालली. आठवडाभर मी गावात उगाच फिरलो. मग एका सकाळी किरनापुरला जाऊन ताईला घेतलं. मागच्या सीटवर दोन उशा, पाठीला लोड. रामपायलीपर्यंत ती चक्क डुलकी घेत गेली. दर्शन झालं, घरी न्यायला गडूभर तीर्थ घेतलं. देवळाच्या पायरीवर बसून तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. म्हणाली, "बापू, तुयामुळं डोळे भरून राम पाह्यला." मी कॉलर नीट केली.

परत येताना पहिल्या मोठ्या खड्ड्यात गाडी बोलली.

दुसऱ्या खड्ड्यात जास्त बोलली. मग ती गप्पच बसेना. ताईनं एक हात पाठीवर ठेवला, दुसऱ्या हातात तीर्थाचा गडू घट्ट धरला. मी गाडी बैलबंडीपेक्षा हळू चालवली, तरी धक्के बसायचे ते बसलेच. किरनापुरला उतरली तेव्हा गडू अर्धा झाला होता आणि तिला धरून खाटेवर निजवावं लागलं. मी निघताना एवढंच म्हणाली, "पोटातलं पानी तं सोड, बापू. रामाचं तीर्थ बी हललं."

मी त्या रात्री झोपलो नाही. चूक कुणाची, याबद्दल माझ्या मनात संशय नव्हता.

सकाळी गॅरेजात गेलो. चारदोन गिऱ्हाईकं होती. मला ती हवीच होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मिस्त्री, माझे शॉकर कुठं आहेत?"

"तुमच्या गाडीत. अजून कुठी राह्यतीन?"

मी म्हटलं, काढून दाखव. त्यानं चाक काढलं. नळा तेलानं ओला झालेला. देवरामनं बोट लावून पाहिलं आणि म्हणाला, लीक झाला. मला हेच पाहिजे होतं. आठ दिवसांत नवीन शॉकर लीक होतो काय? हा माझा नाहीच, असं मी जाहीर केलं.

"तुमचा नाई हे कसं समजलं?"

साहेबाच्या टेबलावर पुरावा ठेवताना मी थांबायचो, तसा थोडा थांबलो. "माझ्या शॉकरवर माझं नाव आहे. रबर वर कर. नाव निघालं तर तुझे पाय धरतो."

देवरामनं रबर वर सारलं. फडक्यानं तेल पुसलं. वाकून वाचलं.

"बा. ना. डोंगरे, बालाघाट. तुमीच ना?"

"हौ," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्यानं दुसऱ्या बाजूचं चाक काढलं, तिथलंही रबर वर केलं. तिथलं वाचून मात्र त्यानं मान वर केली. "सप्रेम भेट? कोनाले देल्ली, बडे बाबू?"

गिऱ्हाईकं जवळ आली. देवरामनं माझं बोट धरून त्या अक्षरांवरून फिरवलं. कानशीसारखी खरखरीत लागली. मग त्यानं मला शांतपणे समजावलं, जसं मी नव्या बाबूला समजावत असे. ही दांडी खड्ड्यात खाली नळ्यात जाते आणि वर येते. नळ्याच्या तोंडाशी एक रबरी सील असतं, ते आतलं तेल धरून ठेवतं; गॅसवाल्यातही तेल असतंच.

"दांडी आरशावानी काहून ठेवतात? सील कापू नये म्हनून. तुमचं नाव हरेक खड्ड्यात आत गेलं अन् बाहेर आलं. दहा वर्साचं सील तुमी आठ दिवसांत खाल्लं."

मी त्याचे पाय धरायला वाकलो. त्यानं धरू दिले नाहीत, तेवढीच माझी अब्रू. गोंदियाच्या दुकानदारानंही हमी नाकारताना फार त्रास दिला नाही. म्हणाला, नुकसान कुणी केलं हे विचारायची सोय तुम्ही ठेवलीच नाही, नाव आणि गाव दोन्ही दिलंय.

मी नवीन जोडी घेतली. या वेळी देवरामनंच आणली, त्यानंच बसवली. मी लांब खुर्चीत बसून होतो.

ताईची पाठ सावरायला महिना लागला. त्यानंतर तीर्थाचा गडू भरून आणायला पुन्हा रामपायलीला नेतो म्हणून तिच्या दारात गाडी उभी केली. सगळी हकीकत तिला एव्हाना बायकोनं सांगितली होती. ती काठी टेकत आली, पण बसली नाही. आधी गाडीच्या पुढच्या चाकाजवळ थांबली, काठीनं टायरवर टकटक केलं आणि विचारलं, "याच्यावर नाव कोनाचं आहे?"

मी म्हटलं, कुणाचंच नाही.

"मंग बसतो," ती म्हणाली.