मामांनी न केलेली तक्रार

आमचे मामा शिंपी. शिवणात त्यांच्या तोडीचे दोन-चार असतील, तक्रारीत मात्र त्यांचा हात कुणी धरणार नाही. क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि त्यांना नवं भांडवलच मिळालं. लघवी केशरी होईल, घाबरू नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. तरी पहिल्याच सकाळी मामांनी अशी बोंब ठोकली की शेजारी अर्धी दाढी करून धावत आला. मग मळमळ झाली, मग सांधे धरले. मामी म्हणायची, "आजार एक आणि वर्णनं सतराशे साठ."

काही आठवड्यांनी ते दुकानात परतले आणि गप्पगप्प राहू लागले. तपकिरी पँटची दुमड त्यांनी चक्क हिरव्या दोऱ्याने शिवली. गिऱ्हाईक भांडायला आलं, तेव्हा दोष बल्बला दिला. बल्ब बदलला. मग एकदा मामीला म्हणाले, "याला जुळेल ते रीळ दे बघू."

रंगांच्या बाबतीत या माणसाने उभ्या जन्मात बायकोचं ऐकलं नव्हतं. मामीने लाल आणि हिरवं रीळ समोर धरलं.

"यातलं लाल कुठलं?"

"सकाळी सकाळी परीक्षा घेतेस का?"

तिने दुकानाला कुलूप घातलं आणि मलाही सोबत घेऊन दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी डोळे तपासले आणि एक गोळी ताबडतोब थांबवली. त्या गोळीने कधीकधी डोळ्यांची नस दुखावते, वेळेत थांबवली तर नजर बहुधा हळूहळू सुधारते, असं म्हणाल्या. मग त्यांचा पारा चढला. "दर खेपेला विचारत होते, नीट दिसतं ना? जगभरचं सांगत होतात, हेच का लपवलंत?"

मामा खाली बघत म्हणाले, "तुम्ही औषधच बंद केलं असतं. घरात नात आहे. माझ्या मांडीवरून हलत नाही."

मला त्यांचा भयंकर राग आला आणि रडूही आलं.

"बाकीच्या गोळ्या चालूच राहतील," बाई नरमल्या. "आणि आता तुमच्यापासून तिला धोका नाही. एकदा विचारायचं तरी."

परतताना मामी झपझप पुढे चालत होती. मागून मामा पुटपुटले, "ही चप्पल चावते गं."

"सांगा," मामी डोळे पुसत म्हणाली. "कुठे चावते, तेही सांगा."