वाळवंटातल्या तीन कांड्या

राजेश्वरीच्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि त्यातले नवऱ्याबरोबरचे दिवस तिने मोजून ठेवले होते : एकशे बारा. कृष्णाकाठी आष्ट्याकडच्या त्यांच्या गावात घरटी एक माणूस पलटणीत, त्यामुळे तिची कीव कुणी करायचं नाही. नवरा सीमेवर आणि बायको उसात, हीच तिथली रीत. म्हणून वीरधवलने फोनवर सांगितलं, की जैसलमेरच्या पुढच्या छावणीत दोन वर्षांसाठी क्वार्टर मिळालंय, तेव्हा तिने हातातलं खुरपं खाली टाकलं, ते त्या दिवशी परत उचललंच नाही.

सासू आक्काताईंनी मात्र तोंड भरून हो म्हटलं नाही. बाई खाष्ट नव्हती, पण अडीच एकर उसाला दोन हात कमी पडणार हे तिला दिसत होतं. निघायच्या दिवशी तिने ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या उसाच्या बेण्याच्या तीन कांड्या सुनेच्या पिशवीत ठेवल्या.

"दारात लाव. फुटल्या तर ऱ्हा खुशाल. न्हाई फुटल्या तर दिवाळीला माघारी ये. जितं ऊस येत न्हाई, तितं आपलं मानूस टिकत न्हाई."

"व्हय, आत्ती," राजेश्वरी म्हणाली. न्यायला आलेला वीरधवल हसला. ती हसली नाही, कारण तिने शब्द दिला होता.

छावणी म्हणजे एका ओळीत बारा घरं, सगळ्यांत मिळून एक टाकी, आणि नजर जाईल तिथवर वाळू. सकाळी झाडलेलं घर दुपारी पुन्हा झाडायचं. भाकरी कितीही जपून थापली तरी दाताखाली कचकच यायचीच. पाण्याचा टँकर एक दिवसाआड. पण संध्याकाळी सहाला वीरधवल घरी यायचा, बूट काढायचा, चहा मागायचा. तेवढ्यासाठी तिने आणखी दोन पोती वाळू खाल्ली असती.

दाराशी छोटीशी सरी काढून तिने कांड्या पुरल्या. आता कृष्णाकाठच्या माणसाला पाणी देणं एकाच प्रकारे ठाऊक असतं : सरी तुडुंब भरली पाहिजे. इथल्या वाळूत तर ती भरेचना. मग राजेश्वरीने नळाला पाइप जोडला आणि रोज दुपारी, सगळं सामसूम झालं की, पाणी सोडायला लागली. एका दुपारी पाइप सरीत टाकून ती जरा लवंडली आणि तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा नळ नुसता फुसफुसत होता. जूनचं ऊन, बारा घरं, टाकी कोरडी ठणठणीत, आणि टँकर थेट दुसऱ्या दिवशी.

टाकीवर ड्यूटी होती नाथाजी नावाच्या जवानाची. त्यानेच झडप नीट लावली नसणार, असं सगळ्यांनी धरलं. "रजा रद्द व्हनार त्याची," संध्याकाळी वीरधवल म्हणाला. "आन पुढच्या आठवड्यात भनीचं लगीन हाय बिचाऱ्याच्या."

राजेश्वरीने हातातला कप खाली ठेवला. गप्प बसलं तर दिवाळीपर्यंत तरी राहता येईल. बोललं, तर उद्याच्या गाडीत बसवतील. पण दुसऱ्याच्या बहिणीच्या मांडवावर पाय देऊन आपला संसार करायचा, हे तिला जमेना. ती उठली आणि तडक छावणीच्या सुभेदारांच्या दारात गेली.

दार उघडलं त्यांच्या बायकोने, साळूबाईंनी. राजेश्वरीने उभ्याउभ्याच सांगून टाकलं, "उसाला पानी मी सोडलं, काकी. नाथाजीभावजींचा दोष न्हाई."

साळूबाई तिच्याबरोबर आल्या, सरीशी बसल्या, बोटांनी ओली वाळू उकरली आणि एक कांडी काढून नाकाशी धरली.

"कुजल्या. आगं, ह्यास्नी तहानेनं न्हाई, पान्यानं मारलंस तू."

राजेश्वरी हमसून रडायला लागली. हळूहळू कांड्यांची सगळी गोष्ट बाहेर आली.

"कृष्णाकाठची न्हवं? तरीच," साळूबाई म्हणाल्या. "आमी दुष्काळी मानच्या, दहिवडीकडच्या. आमच्यात पोरगी बघाय आल्यावर रूप मागनं इचारत्यात. आदी इचारत्यात, एका हंड्यात किती भांडी घासतीस."

नाथाजीची रजा वाचली आणि राजेश्वरीला गाडीत कुणी बसवलं नाही. शिक्षा मात्र साळूबाईंनी स्वतः दिली : महिनाभर हिने सगळ्यांच्या मागून पाणी भरायचं. शिक्षेबरोबर शिकवणीही सुरू झाली. तांदूळ धुतलेलं पाणी कुठे जातं, एक तांब्या किती पुरतो, आणि गळ्यापर्यंत पुरलेल्या, पाणी पाझरणाऱ्या मडक्याभोवती बी कसं लावायचं. दिवाळीपर्यंत तिच्या दारात गवार लागली, इतकी की बाराही घरांत वाटली. ऊस मात्र नव्हता.

वसुबारसेला आक्काताईंचा फोन आला.

"फुटला का ऊस?"

खोटं बोलायला दीड हजार किलोमीटरची सोय होती. तरी राजेश्वरी म्हणाली, "न्हाई, आत्ती. मीच लय पानी दिलं, कुजला. पन मला हितंच ऱ्हायचं हाय. शब्द मोडतीय, म्हाईत हाय मला."

पलीकडे गोठ्यातली म्हैस रेकली.

"तुझ्या मामंजींना दोनदा क्वाटर मिळालं हुतं," आक्काताई म्हणाल्या. "दोनी येळा माझी सासू म्हनली, उसाची लागन झाली की जा. लागन झाली, तोडनी आली, मग तोडल्या उसाचा परत फुटल्याला खोडवा आला. ते पेन्शनीत आलं, आन दोन वर्सांत गेलंबी."

चार वर्षं एका घरात राहून राजेश्वरीला यातलं काही माहीत नव्हतं.

"मलाबी जायाचं हुतं गं. आपला मानूस ड्यूटीवरनं घरी येताना कसा दिसतोय, ते मी कवा बघितलंच न्हाई." आक्काताईंनी नाक ओढल्याचा आवाज आला. "तू यिऊ नगंस. मीच येती. ऊस बघतील भावकीतली."

"या, आत्ती. खरंच या."

"कवा येतोय त्यो घरी?"

"सहाला."

"मग मी पाचलाच दारात बसंन."