हाराच्या रांगेत की सनईच्या

आठवीतून शाळा सोडून गडचिरोलीकडून निघालो आणि नगरच्या या गाळ्यात लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग शिकलो. मालकांनी शिकवलं, झोपायला माळा दिला, म्हणून आज हातात काहीतरी आहे. तरी अजून त्यांची चप्पल वाजली की मी ताठ होऊन बसतो. काढून टाकलं तर जायचं कुठे?

लग्नसराईत डोळे नुसते चुरचुरत असतात. पण टायटलला, म्हणजे सुरुवातीच्या नाव-फोटोंच्या भागाला, मी घाई करत नाही. सुरुवातीला पडदा जरा काळा ठेवला की टीव्हीसमोर बसलेली माणसं आपोआप बोलायची थांबतात. पुढची रीत ठरलेली. आधी घरातली वारलेली माणसं, चौकटीत, हार घातलेली. खाली समई, मागे बासरी. मग जिवंत मंडळी, पाकळ्या आणि सनई. बासरी थांबून सनई लागते तिथे बायका डोळे पुसून हसायला लागतात, असं गिऱ्हाइकंच सांगतात.

यंदा तिसगावकडच्या एका लग्नाचं टायटल तयार होतं आणि निरोप आला, नवरीचे वडील गेले. लग्नाला महिनाही झाला नव्हता.

"सोपंय," मालक म्हणाले. "हार घाल आणि वारलेल्यांच्या रांगेत ने. काय गडचिरोली, झोपला का?"

नेलं. नवरीची आई आणि त्यांचे दीर, म्हणजे नवरीचे काका, बघायला आले. बासरीवर हाराचा फोटो आला आणि बाई खुर्चीतून उठल्याच.

"ह्ये न्हाई. त्या दिशी त्यांनी लेकीचं कन्यादान केलंय. फोटोनं केलं का?"

"वैनी, लोक नावं ठेवतील," दीर म्हणाले. "मानूस गेला अन् हितं सनईवर हसतोय."

"हसतच व्हते की. तुमचा फेटा डोळ्यावर आल्ता, तवा तुमालाच हसत व्हते."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. वेळ घालवू नको, असंच ते सांगत असणार. तरी माझ्या तोंडून गेलं, "मावशी, थोडं थांबता का?"

हार काढला. बासरी काढली, सनईही काढली. काळ्या पडद्यावर नुसता मांडवातला आवाज ठेवला. भांडी, पोरं, कुणीतरी अक्षता मागतंय. मग नवरीच्या वडिलांचा बसलेल्या घशाचा आवाज, "पावन्यांना आधी बसवा, आपलं मागून बघू." आणि मग चित्र: पंगतीतून पाठमोरा चाललेला माणूस, वळून हसणारा. शेजारी नाव, साधं पांढरं.

आमच्या बाबांचा आवाज फोनवर ऐकतो तेवढाच, साठवलेला माझ्याकडे कुठेच नाही, हे नेमकं तेव्हाच मनात आलं.

लावलं. मालक उठले. आता बोलणार, असं वाटून मी मान खाली घातली. त्यांनी पंखा बंद केला. आमचा पंखा फार खडखडतो.

दीर खुर्ची पुढे ओढून बसले. "आवाज वाढव जरा."

वाढवला. पुन्हा लावलं.

"आसंच ऱ्हाऊ दे," बाई म्हणाल्या. "बाकीचं लगीन घरी बघू."

ते गेल्यावर मालकांनी पंखा लावला आणि पुढचं लग्न उघडायला सांगितलं.