वापसा आणि नवी पदवी

निजामाच्या राज्यात परभणीच्या सरकारी शेतीफार्मवर मी मदतनीस होतो. शाळा उर्दूतून झाली, शेतकीची पदवी इंग्रजीतून घेतली आणि घरी मराठी. म्हणूनच असेल, हैदराबादच्या विद्यापीठानं शेतकीची वरची, नवी पदवी काढायची ठरवली तेव्हा जमिनीच्या विषयाचा अभ्यासक्रम उर्दूत लिहायचं काम फार्मच्या साहेबांनी माझ्यावर टाकलं.

"पण साहेब, ही पदवी अजून कुणाकडंच नाही. मग शिकवणार कोण?"

"ते पुढं पाहू. आधी लिहा."

पेरणीजोगी जमीन कशी ओळखायची ते विचारायला बोरीच्या एका जाणत्या शेतकऱ्याकडं गेलो. त्यानं मूठभर काळ्या मातीचा गोळा दाबला आणि खाली टाकला. गोळा फुटला. "ह्यो वापसा, साहेब. आता पेरायचं. चिकटून राहिला असता तर थांबायचं. लय सोपं हाय."

त्याला सोपं होतं. मला या अवस्थेला उर्दू शब्द सापडेना, इंग्रजीही सापडेना. शेवटी उर्दू लिपीत 'वापसा' असंच लिहून मसुदा विद्यापीठाकडं धाडला. महिन्याभरानं तो परत आला. समासात शेरा होता: 'काय वापस करायचं आहे?' मी दोन पानं खुलासा लिहिला. तोही परत आला, या वेळी शेऱ्याशिवाय. त्याचा अर्थ साहेबांनाही लागेना. "तुम्हीच जा आणि समजावून सांगा," ते म्हणाले.

बोरीची माती पिशवीत बांधून मी हैदराबादच्या गाडीत बसलो. पोचेपर्यंत तिची ढेकळं झाली. विद्यापीठाच्या समितीपुढं घाईघाईनं पाणी शिंपडलं, तर चिखल झाला. रसायनाचे वयस्कर प्राध्यापक चष्मा सावरत म्हणाले, "इसमें पानी कितना होना चाहिए?"

"हात लावला की कळतं," मी अडखळत उर्दूत सांगितलं.

"हाथ को मालूम होता है?" सगळे एकमेकांकडं पाहू लागले. कुणी हसलं नाही, त्यानं मी जास्तच गोंधळलो. बुडालं सगळं, असं समजून परत आलो.

दोन महिन्यांनी हुकूम आला. नवी पदवी मंजूर. संशोधनाचा पहिला विषय: वापशाला काळ्या जमिनीत पाणी किती असतं. पहिला विद्यार्थी म्हणून माझं नाव. साहेबांनी पाठ थोपटली. मी हसलो, पण ही बढती की शिक्षा, ते उमगेना.

घरी आईला सांगितलं, पुन्हा शिकायला जायचंय. तिचा चेहरा उतरला.

"का रे, नापास झालतास का?"

"नाही गं," म्हणालो आणि बोरीहून पुन्हा माती आणायला पिशवी शोधू लागलो.