डोंबिवलीचा नाझी डॉक्टर

आमच्या ग्रुपने ते नाटक केलं त्याला आता बरीच वर्षं झाली. प्रयोग झाला एकच. तरी आम्ही कुठेही भेटलो, लग्नात म्हणा, बारशाला म्हणा, की पानं वाढून होईपर्यंत त्याच नाटकाचा विषय निघतो. ज्यांच्या नाटकांनी शंभर-दोनशे प्रयोग केले त्यांच्याकडेही एवढे किस्से नसतील. नाटक चांगलं झालं असतं तर लोकांच्या लक्षात राहिलं असतं. वाईट झालं म्हणून आमच्या राहिलं.

सुरुवात झाली दिवेकरांच्या घरी. दिवेकर म्हणजे आमचे दिग्दर्शक. राहायला डोंबिवलीत, नोकरी घोडबंदर रोडच्या एका कारखान्यात, ड्रॉइंग खात्यात. तेव्हा त्या रोडला टॉवर-बिवर काही नव्हते, नुसती झाडं आणि कंपन्यांच्या भिंती. दिवेकरांच्या मेव्हण्याने मस्कतहून व्हीसीआर आणला होता. एका रविवारी दुपारी त्यांनी आम्हाला बोलावलं, पडदे ओढले आणि एक इंग्लिश थ्रिलर लावला.

गोष्ट जबरदस्त होती. लढाई हरल्यावर पळून दक्षिण अमेरिकेत लपलेला एक नाझी डॉक्टर. त्याने जर्मनीच्या त्या मिशीवाल्या हुकूमशहाच्या कातडीच्या तुकड्यापासून हुबेहूब तसलीच मुलं तयार केलेली. ती वेगवेगळ्या देशांत दत्तक दिलेली. मूळ हुकूमशहाचा बाप तो लहान असताना गेला, म्हणून या मुलांचेही दत्तक बाप एकेक करून मारायचे. आणि या डॉक्टरच्या मागावर व्हिएन्नातला एक म्हातारा, पळालेले नाझी शोधणं हेच ज्याचं काम.

दिवेकर दर पाच मिनिटांनी सिनेमा थांबवून आम्हाला अर्थ सांगत होते. शेवटी डॉक्टर आणि म्हातारा समोरासमोर आले, दाराआड काळे कुत्रे गुरगुरायला लागले, आमचे श्वास अडकले. तेवढ्यात पडद्यावर मुंग्या आल्या आणि एकदम मुंज लागली. गोटा केलेला एक मुलगा आईच्या हातून लाडू खात होता. मागे सनई.

दिवेकर कॅसेट घेऊन तडक व्हिडिओ लायब्ररीत गेले. "अहो, शेवटी काय होतं?"

लायब्ररीवाला म्हणाला, "सिनेमाचं नाही सांगता येणार साहेब. मुंज छान झाली."

दिवेकर परत आले ते खुशीतच. म्हणाले, "बरं झालं. आता शेवट आपला. म्हणजे नाटक ओरिजिनल."

*

नाझी शोधणाऱ्या म्हाताऱ्याचं काम हरीदादाकडे आलं. हरीदादा ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. खोपटच्या एसटी डेपोत कंट्रोलर होता. आवाज असा की माइक बिघडला तरी गाड्या वेळेवर सुटायच्या. अ‍ॅक्टिंगही आम्हा सगळ्यांपेक्षा बरी. दिवेकरांना खुपायचा तो फक्त त्याचा 'ण'.

"हरीभाऊ, 'कोण आहे तिकडे' म्हणा. कोण. बाणाचा ण."

"बानाचा ना? मंग तेच बोललो."

असं आठवडाभर चाललं. शेवटी दिवेकर वैतागले. "अहो, हा माणूस व्हिएन्नाचा आहे. व्हिएन्नात असं बोलत नाहीत."

"मंग कसं बोलतात?"

"शुद्ध बोलतात."

हरीदादाने डोक्यावरची हॅट काढून टेबलावर ठेवली. शांतपणे म्हणाला, "म्हंजे व्हिएन्नाची मानसं पुन्याचं बोलतात. ठान्याचं तेवढं नाय बोलत."

दुसऱ्या दिवशी दिवेकरांनी त्याच्या वाक्यांतले सगळे 'ण' काढून टाकले. 'कोण'च्या जागी 'काय' घातलं. त्यामुळे आयुष्यभर शोधलेला नाझी समोर आल्यावर आमचा म्हातारा "तू कोण?" न विचारता "तू काय?" असं विचारायचा. पुढे स्पर्धेच्या एका परीक्षकांनी हे वाक्य फार खोल असल्याचं सांगितलं.

*

बाईचं काम करणारी ग्रुपमध्ये मी एकटीच. मी बँकेत होते, नवीन लग्न झालेलं. ज्यांचे नवरे मारले जातात अशा चार घरांतल्या चार बायका मीच. मी दिवेकरांना विचारलं, चौघींचं वेगळेपण दाखवायचं कसं?

"साडी बदला. नवरा गेल्यावर सगळ्या बायका सारख्याच दिसतात."

त्यांची बायको तेव्हा शेजारीच आमच्यासाठी चहा गाळत होती. तिने फक्त वर बघितलं.

या बायका युरोपातल्या असल्याने आधी फ्रॉकचा विषय निघाला होता. माझ्या सासूबाईंच्या कानावर गेला आणि तिथेच संपला. पण त्यांना फ्रॉकपेक्षा दुसरीच धास्ती होती.

"अगं, नवरा धडधाकट असताना चार-चारदा विधवा व्हायचं? काहीतरीच."

"आई, त्या बायका तिकडच्या. त्या कुंकू लावतच नाहीत. त्यामुळे पुसायचा प्रश्नच नाही."

"लावत नाहीत ना? मग तू लाव. तुला कोण विचारतंय."

अशा रीतीने मी मंगळसूत्र आणि ठसठशीत कुंकू लावून चार वेळा नवऱ्याच्या प्रेतावर रडले. शिवाय सासूबाईंनी एक अट घातली. माझा नवरा अविनाश प्रत्येक तालमीला समोर बसला पाहिजे, म्हणजे मला तो सारखा जिवंत दिसत राहील. बिचारा ऑफिसातून थेट यायचा, डबा उघडून पोळी-भाजी खात माझा शोक बघायचा.

त्याने एकदा घरी जाताना विचारलं, "मला एक सांग. सगळी मुलं त्या हुकूमशहाच्या नकला आहेत ना?"

"हो."

"मग ती मुलं, तो डॉक्टर, तो म्हातारा आणि तू, सगळे दिवेकरांसारखे का बोलता?"

मला त्याचा रागच आला. दुसऱ्या दिवशी तालमीत नीट ऐकलं. दिवेकर प्रत्येकाला वाक्य म्हणून दाखवत होते आणि तसंच्या तसं येईपर्यंत सोडत नव्हते. माझं रडणंसुद्धा त्यांचंच होतं.

*

मुलं एकसारखी दिसायला हवीत म्हणून दिवेकरांनी खडवलीहून जुळे शोधून आणले. जयवंत आणि यशवंत. कल्याणच्या कॉलेजात बारावीला होते. खरंच एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. दिवेकर त्यांना शेजारी-शेजारी उभं करून बघत राहायचे, घरात नवा फ्रिज आल्यावर माणूस बघतो तसे.

प्रयोगाला थोडे दिवस राहिले आणि यशवंत मिशी ठेवून आला.

दिवेकर म्हणाले, "काढून टाक."

"नाही काढणार."

"अरे, चौदा वर्षांचा मुलगा आहेस तू नाटकात. प्रयोग झाला की ठेव हवी तेवढी."

यशवंत एरवी तोंडातून शब्द न काढणारा. त्या दिवशी मात्र म्हणाला, "सर, जन्मापासून याच्यासारखा दिसतोय. शाळेत याच्या नावाचा मार मी खाल्ला. आत्ता कुठे आई मला निदान समोरून ओळखायला लागलीय. मिशी राहणार."

जयवंत भावाकडे बघतच राहिला. त्याला हे बहुतेक पहिल्यांदाच कळत होतं.

कोणालाही वाटेल, दिवेकरांनी या पोराचं ऐकलं. ऐकलंही, पण आपल्या पद्धतीने. त्यांनी मेकअपवाल्याला सांगून जयवंतलाही मिशी चिकटवली. आम्ही म्हटलं, चौदाव्या वर्षी मिशी?

"त्या हुकूमशहालाही होतीच की," दिवेकर म्हणाले.

*

डॉक्टर बापटांबद्दल सांगायचं राहिलंच. नाझी डॉक्टर ते. खऱ्या आयुष्यात दातांचे डॉक्टर, डोंबिवलीत स्टेशनजवळ दवाखाना. माणूस इतका मऊ की दात उपटायच्या आधी पेशंटची माफी मागायचे. पण उंच, घारे, केस मागे फिरवलेले. पांढरा कोट स्वतःचाच. दिवेकरांनी त्यांना बघताक्षणी ठरवून टाकलं होतं.

दिवेकरांच्या ओरिजिनल शेवटात कुत्रा डॉक्टरवर झडप घालतो आणि त्याला फाडतो. डोंबिवलीत त्या काळी कुत्रा म्हटलं की पांढरा पॉमेरियन. काळा, दांडगा असा एकच मिळाला, खोपटच्या डेपोतला काळू. हरीदादाच्या ओळखीचा. दिसायला भयंकर होता. काळूने डॉक्टरांकडेच जावं म्हणून डॉक्टरांनी कोटाच्या दोन्ही खिशांत ग्लुकोजची बिस्किटं भरून ठेवली.

प्रयोग ठाण्यात, स्पर्धेचा. थिएटर बऱ्यापैकी भरलेलं. अर्धी डोंबिवली आलेली, कारण डॉक्टरांचे पेशंट. शेवटच्या प्रवेशापर्यंत सगळं गंभीरपणे चाललं होतं. कुंकू लावलेल्या माझ्या चारही विधवांना लोकांनी सांभाळून घेतलं. दोन मिशाळ बालकांनाही घेतलं. मग काळू आला.

काळूने आधी लाइट बघितले, मग माणसं बघितली, मग त्याला बिस्किटांचा वास आला. तो शेपटी हलवत डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर ठरल्याप्रमाणे किंचाळत खाली पडले. काळूने दोन्ही पंजे छातीवर ठेवून एकेक खिसा रिकामा केला आणि कृतज्ञतेने त्यांचा चेहरा चाटायला लागला. डॉक्टर ओरडताहेत, "हा मला फाडतोय, वाचवा." काळू चाटतोय.

बाल्कनीतून कोणीतरी म्हणालं, "डॉक्टर, आता तोंड उघडलंयच त्याने, तर दात बघून घ्या."

त्यानंतर प्रेक्षक जे हसायला लागले ते पडदा पडेपर्यंत. हरीदादाचं मानवतेवरचं शेवटचं भाषण होतं, पानभर. त्याचा तो आवाज, पण एक शब्द कोणाला ऐकू गेला नाही.

*

निकालात आमचं नाव कुठेच नव्हतं. दिवेकर मुख्य परीक्षकांना गाठायला गेले, पाठोपाठ हरीदादा आणि मी. परीक्षक म्हणजे पांढऱ्या झब्ब्यातले वयस्कर गृहस्थ. पान खात शांतपणे ऐकून घेत होते.

दिवेकर म्हणाले, "कुत्र्याचं सोडा. पण कथेचं काही कौतुक? संपूर्ण स्वतंत्र कथा आहे."

"तुमची स्वतंत्र आहे?"

"शंभर टक्के."

"काय आहे ना," परीक्षक म्हणाले, "आदल्या दिवशी कल्याणच्या एका संस्थेचं नाटक झालं. नाझी डॉक्टर, सारखी दिसणारी मुलं, मारलेले बाप, सगळं असंच. त्यांचीही कथा स्वतंत्रच होती. शेवट तेवढा वेगळा. दोघांचाही वाईट."

आम्ही बाहेर आलो, रस्ता ओलांडला, चहा मागवला. चहा संपला तरी दिवेकर गप्प. आम्हाला काळजीच वाटायला लागली. मग कप खाली ठेवून ते एकच वाक्य बोलले.

"चोर आहेत साले कल्याणवाले."

*

पुढे ग्रुप फुटला नाही, पण नाटकं थांबली. बदल्या झाल्या, मुलं झाली. डॉक्टर बापटांचे लहान पेशंट काही महिने त्यांना बघून तोंड उघडत नव्हते, मग तेही विसरले.

दहा-अकरा वर्षांनी हरीदादाच्या मुलीचा साखरपुडा होता. कोळीवाड्यात सगळे जमलो होतो. परदेशात कोणा शास्त्रज्ञांनी मेंढीची हुबेहूब दुसरी मेंढी तयार केल्याची बातमी तेव्हा नुकती गाजलेली. साहजिकच दिवेकरांनी छाती पुढे काढली. "आपण हे आधी केलं होतं," असं ते ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना सांगत फिरत होते. आम्हीही काळूचा विषय काढून हसून घेतलं.

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "परवा एक गृहस्थ आले होते दवाखान्यात."

आम्हाला वाटलं, नवीन किस्सा.

कल्याणला राहणारे, नोकरीतून निवृत्त झालेले. पेशंट नव्हते. दुपारची वेळ, दवाखाना रिकामा, तरी त्यांनी चपला बाहेर काढल्या. बसायला सांगितलं तर दात तपासायच्या खुर्चीतच बसले. खिशातून कुंकवाची एक जुनी डबी काढली. आत कापसात एक दात होता. लहान मुलाचा, दुधाचा.

"डॉक्टर, ते तुमचं नाटक आम्ही बघितलं होतं," ते म्हणाले. "लोक हसत होते तेव्हा मीही हसलो, त्याबद्दल माफ करा. मुलगा शेजारीच बसला होता माझ्या. तो तर इतका हसला की खुर्चीतून खाली घसरला."

मुलगा नंतर दोन वर्षांनी गेला होता. खाडीत, पोहायला गेलेला.

"बाकीचे सगळे दात आम्ही कौलावर टाकले. हा एक हिने ठेवला होता, मला माहीत नव्हतं. मेंढीची बातमी वाचून दाखवली तेव्हा तिने काढून दिला." त्यांनी डबी डॉक्टरांच्या हातात दिली. "एवढ्यावरून काही होईल का?"

डॉक्टर आम्हाला म्हणाले, "मी सांगणार होतो की मी नुसता दातांचा डॉक्टर आहे. ते नाटक होतं. ओठांवर आलं होतं माझ्या."

"मग?" दिवेकरांनी विचारलं.

त्या दुपारी दवाखान्यात डॉक्टरांनी आधी हात धुतले. वरचा दिवा खाली ओढला, चिमट्यात दात धरला आणि सगळ्या बाजूंनी नीट बघितला. बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "दात चांगला आहे. कीड अजिबात नाही."

"हो," ते गृहस्थ म्हणाले, "गोड त्याला आवडायचंच नाही."